फुटबॉलचा रसिक आणि बायकांचा सामना

रसिकता म्हणून जी मिरवली जाते तिच्यात पारख किती आणि निव्वळ सवय किती, हे ओळखणे साहित्यात जितके अवघड तितकेच खेळातही. इंग्लंडातला फुटबॉलचा शौकीन आपल्या खेळाविषयी बोलू लागला, की जुन्या खाँसाहेबांच्या एखाद्या शागिर्दाची आठवण व्हावी, इतका तो जाणकार. चाळीस वर्षांपूर्वीचा गोल कोणी मारला, कोणत्या पायाने मारला, हे तो झोपेतही सांगेल. पण बायकांच्या सामन्याचा विषय निघाला, की हाच जाणकार एका ठरीव वाक्यापाशी येऊन थांबतो : बायकांनी खेळू नये असे आमचे म्हणणे नाही, पण तो खेळ पाहवत नाही, त्यात दर्जा नाही.

प्रश्न या वाक्याचा आहे. उघड शिवीगाळ करणाऱ्यांचे काय, ते आपण होऊनच आपली ओळख देतात. २०२२ साली डरहॅम विद्यापीठाच्या स्टेसी पोप आणि त्यांचे सहकारी यांनी ब्रिटनमधल्या सुमारे दोन हजार पुरुष चाहत्यांची मते तपासली. तेव्हा मनापासून स्वागत करणारे, उघड हेटाळणी करणारे आणि चारचौघांत समतेची भाषा बोलून खाजगीत नाक मुरडणारे, असे तीन वर्ग त्यांना आढळले. दर्जाची सबब मात्र सोयीची. ती सभ्य माणसालाही शोभते.

आमच्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव नसते, बैठक क्रमांक असतो. तो का, हे प्रत्येक मास्तराला ठाऊक आहे. ज्याला नसेल त्याने आपल्या लाडक्या विद्यार्थ्याचा गचाळ पेपर नाव झाकून पुन्हा तपासावा. झुरिच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका हाच आहे. अव्वल दर्जाच्या पुरुषांच्या आणि बायकांच्या खेळातले गोल त्यांनी ६१३ जणांना दाखवले. काहींना ते जसेच्या तसे दिसले. काहींना खेळाडूंच्या आकृती धूसर करून दाखवले. खेळणारे कोण हे दिसत होते तेव्हा पुरुषांना अधिक गुण पडले. ते झाकले तेव्हा म्हणण्यासारखा फरक उरला नाही. एवढ्याने सगळा निकाल लागला असे मी म्हणणार नाही. निवडक क्षण म्हणजे सबंध नव्वद मिनिटे नव्हेत. परंतु दर्जा आपण डोळ्यांनी पारखतो, हा जो जाणकाराचा दावा, त्याला मात्र इथे चांगलाच तडा जातो.

पुरुष अधिक वेगाने धावतात, अधिक जोराने चेंडू मारतात, हे नाकारण्यात काही हशील नाही. पण ओवीला पोवाड्याचा ठेका लावून ती संथ आहे म्हणणारा समीक्षक आपण शहाणा समजत नाही. शिवाय दर्जावरच जीव असता तर इंग्लंडातल्या खालच्या विभागातल्या संघांची मैदाने केव्हाच ओस पडली असती. तिथे माणसे भर पावसात उभी राहून आपल्या गावाचा संघ हरताना पाहतात आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जातात. बाप नेतो म्हणून मुलगा जातो, मग तो आपल्या मुलाला नेतो. ही ओढ गुणांच्या हिशेबाने लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जाऊन जाऊन लागते.

आणि इथेच खरी मेख आहे. ही सवय बायकांच्या सामन्यांनाही लागू लागली होती. प्रेस्टन गावच्या डिक, कर कारखान्यातल्या कामकरी मुलींनी पहिल्या महायुद्धाच्या काळात संघ काढला. सामन्यांचा पैसा धर्मादाय कामांना जाई. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला ५३,००० माणसे आत होती, आणि हजारो जागेअभावी परत गेली. लिली पार नावाची डाव्या पायाची एक पोर त्या संघात होती. तिच्या फटक्याची ख्याती अजून सांगतात. पुढे वर्षही उलटले नाही. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला, की हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि सदस्य क्लबांनी आपली मैदाने त्यांना देऊ नयेत. ही बंदी उठायला १९७० च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० आणि ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ अशीच मनाई होती. पन्नास वर्षे विहीर बुजवून ठेवायची आणि मग पोहता येत नाही म्हणून हसायचे! त्यातही मौज अशी, की ती ५३,००० माणसे काही समतेचा झेंडा घेऊन आली नव्हती. नाताळच्या सुटीत सामना पाहायला आली होती.

दुसऱ्या टोकाच्या रसिकाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण तो मला पहिल्याइतकाच खोटा वाटतो. बायकांचा खेळ किती निर्मळ, किती सोज्ज्वळ, असे तो म्हणतो, आणि सामन्याला मात्र जात नाही. नवोदित कवयित्रीच्या पाठीवर थाप मारून तिचा संग्रह न फाडता फळीवर ठेवणाऱ्या संपादकाचाच हा भाऊ. चुकलेला पास चुकला म्हणावा, हरलेला डाव हरला म्हणावा. नुसत्या कौतुकाने खेळ वाढत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये बार्सेलोनाच्या मैदानावर बायकांच्या सामन्याला ९१,५५३ प्रेक्षक आले. त्यांना आपला संघ रेआल माद्रिदला हरवताना पाहायचा होता. उपकार करायला एवढी गर्दी जमत नाही.

सर्वांत अधिक थट्टा होते ती गोलरक्षकांची. उंची बेताची, हात पोहोचत नाही, वगैरे. गोलाची चौकट २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच, ही एकोणिसाव्या शतकातल्या पुरुषांनी आपसांत ठरवलेली मापे आहेत, हे थट्टेखोराच्या ध्यानात नसते. शिक्षणही बायकांना उशिरा मिळाले, म्हणून काही गोलरक्षक खरोखरच कच्च्या होत्या, हेही मान्य केले पाहिजे. पण २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सिडनीला इंग्लंडच्या मेरी अर्प्स हिने स्पेनची पेनल्टी अडवली. इंग्लंड १–० ने हरले, तरी त्या स्पर्धेतली उत्कृष्ट गोलरक्षक तीच ठरली. नायके कंपनीने तिच्या अंगातला सदरा तोवर विक्रीला काढलाच नव्हता. तो कोणी घेईल असे कंपनीला वाटले नसावे. एका तरुण चाहतीने अर्ज काढला, त्यावर दीड लाखांवर सह्या पडल्या. मग सदरे बाजारात आले, आणि पाहता पाहता संपले.