ऐतिहासिक मालिका आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद : ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ते ‘संविधान’

ऐतिहासिक दूरचित्रवाणी मालिकांची मराठी समीक्षा बहुतांशी दोन प्रश्नांपाशी थांबते. मालिका इतिहासाशी प्रामाणिक आहे काय, हा पहिला प्रश्न. तिचे नेपथ्य, वेशभूषा, संवाद आणि अभिनय कोणत्या दर्जाचे आहेत, हा दुसरा. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप होतो त्या प्रेक्षकाचा उल्लेख आला, तर तो सहसा कौतुकाच्या किंवा कीव करण्याच्या सुरात येतो. तो नटाच्या पाया पडतो, पडद्यासमोर हात जोडतो, म्हणून तो भाबडा ठरवला जातो. राष्ट्राच्या किंवा राज्याच्या संस्थापकांवरील मालिकांना मिळालेल्या प्रतिसादाच्या आधारे हा समज कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हान्स रॉबर्ट याउस याने मांडलेली ‘अपेक्षा-क्षितिजा’ची संकल्पना मराठी साहित्यसमीक्षेला अपरिचित नाही. कलाकृती कोऱ्या मनावर उमटत नाही. आस्वादकाच्या मनात आधीच वसलेल्या अपेक्षांशी तिची गाठ पडते. दूरचित्रवाणीच्या संदर्भात पूर्णिमा मांकेकर यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिल्लीतील स्त्रिया दूरदर्शनच्या मालिका कशा पाहतात याचा अभ्यास केला आणि प्रेक्षक मालिकेचा अर्थ आपल्या जगण्याच्या संदर्भात लावतो, हे दाखवून दिले. मराठी प्रेक्षकाच्या बाबतीत मात्र या क्षितिजाचा शोध पाश्चात्त्य सिद्धान्तांपेक्षा पोवाडा, कीर्तन आणि जलसा या तीन परंपरांत घेणे अधिक फलदायी ठरेल.

अगिनदासाचा अफजलखान-वधाचा पोवाडा ऐकणाऱ्या श्रोत्याला शेवट ठाऊकच होता. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यालाही आख्यान माहीत असते. नरसी नामदेवच्या परिसरात, जिथे संत नामदेवांचे नाव कीर्तनपरंपरेच्या उगमाशी जोडले जाते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पुढे काय होणार हे कुतूहल घेऊन हा श्रोता आलेला नसतो. माहीत असलेली गोष्ट सांगणारा नीट सांगतो की नाही, हे तो पाहत असतो. ज्याला कथा आधीच ज्ञात आहे, तो सांगणाऱ्याचा परीक्षक होतो. ऐतिहासिक मालिकेचा मराठी प्रेक्षक याच अधिकाराने पडद्यासमोर बसतो. मूल्यमापनाचा हा हक्क त्याला कोणत्याही वाहिनीने दिलेला नाही.

‘भारत एक खोज’ (१९८८) या श्याम बेनेगल यांच्या ५३ भागांच्या मालिकेत नसीरुद्दीन शाह यांनी शिवाजी महाराज साकारले. तेथे महाराज एका दीर्घ राष्ट्रकथेतील प्रकरण होते. २००८ साली ‘स्टार प्रवाह’ वाहिनीबरोबरच सुरू झालेल्या, नितीन चंद्रकांत देसाई निर्मित ‘राजा शिवछत्रपती’ या मालिकेने महाराजांना रोजच्या संध्याकाळच्या घरात आणले. कवी भूषणाच्या छंदाला अजय-अतुल यांनी दिलेले संगीत शिवजयंतीच्या मिरवणुकांत वाजू लागले. मालिकेचा एखादा अंश घराबाहेर, सार्वजनिक उत्सवात वापरात येणे हा प्रतिसादाचा एक भक्कम पुरावा आहे; समीक्षेने त्याची नोंद क्वचितच घेतली.

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७ ते २०२०) या ‘झी मराठी’वरील मालिकेचा प्रतिसाद याहून गुंतागुंतीचा आहे. प्रेक्षकांना शेवट ठाऊक होता आणि तोच त्यांना नको होता. मालिका अखेरच्या टप्प्यात आली तेव्हा छळाचे प्रसंग दाखवू नयेत असा सूर उमटला; दुसरीकडे मालिका कोणाच्या तरी दबावाखाली गुंडाळली जात असल्याची वदंताही पसरली आणि मुख्य अभिनेते डॉ. अमोल कोल्हे यांना ती फेटाळावी लागली. दाखवू नका आणि थांबवूही नका, अशी ही परस्परविरोधी मागणी वरवर अविवेकी वाटते. परंतु तिच्या मागे एक सुसंगत भूमिका आहे. प्रेक्षक या ठिकाणी वारसाच्या नात्याने बोलत होता. घरातील ज्येष्ठाच्या मृत्यूची हकिकत विसरली जाऊ नये, पण चारचौघांत तिचे प्रदर्शनही होऊ नये, असे वारसालाच वाटते.

हा वारसाभाव सुखावह आहे तितकाच अडचणीचाही आहे. २०२५ साली ‘छावा’ या हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीतील लेझीम नृत्याच्या दृश्याला आक्षेप घेण्यात आला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य वगळले. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर हरकत घेतली. एकाच कलाकृतीसमोर दोन वारस दोन दिशांनी उभे राहिले. वारस कोण आणि कोणाच्या वतीने बोलतो, हा प्रश्न यातून सुटत नाही. उलट तो अधिक तीव्र होतो.

नट आणि भूमिका यांची सरमिसळ हा भाबडेपणाचा नेहमीचा पुरावा मानला जातो. डॉ. कोल्हे २०१९ मध्ये शिरूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले, तेव्हा भूमिकेनेच मते मिळवून दिली असे अनेकांनी म्हटले. या तर्काची परीक्षा ‘रामायणा’च्या नटांवर करून पाहावी. १९९१ मध्ये सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावणाची भूमिका करणारे अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून खासदार झाले. मतदार जर भूमिकेलाच मत देत असेल, तर रावणाला संसदेत कोणी पाठवले, याचे उत्तर द्यावे लागेल. प्रेक्षकाला नट आणि भूमिका यांतील भेद कळतो. तो नटाकडून जी अपेक्षा ठेवतो ती मात्र वेगळी बाब आहे. २०१७ साली चित्रित झालेला, नथुराम गोडसेची भूमिका असलेला डॉ. कोल्हे यांचा चित्रपट जानेवारी २०२२ मध्ये प्रदर्शित होण्याच्या बेतात असताना मोठा गदारोळ झाला आणि त्यांनी आळंदी येथे इंद्रायणीकाठी आत्मक्लेश केला. कलावंताच्या भूमिकास्वातंत्र्याची बाजू त्या वादात पुरेशा जोराने मांडली गेली नाही, हे खेदाने नमूद करावे लागेल. मात्र आक्षेपाचे स्वरूपही पाहिले पाहिजे. एका संस्थापकाचा चेहरा ज्याच्याकडे सोपवला, त्याने दुसऱ्या संस्थापकाच्या मारेकऱ्याचा चेहरा धारण करू नये, असे ते म्हणणे होते. त्यात गल्लत नाही. विश्वस्तपणाची एक कल्पना आहे.

‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा’ ही ‘स्टार प्रवाह’वरील मालिका मे २०१९ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये संपली. सागर देशमुख यांनी बाबासाहेबांची आणि शिवानी रांगोळे यांनी रमाबाईंची भूमिका केली. शिवकालीन मालिकांना मिळालेला प्रतिसाद आणि या मालिकेचा प्रतिसाद एकाच मापाने मोजता येत नाही. तेथे प्रेक्षकाला आपला वारसा मोठ्या पडद्यावर, रंगमंचावर, कादंबरीत, पाठ्यपुस्तकात अनेकदा भेटलेला होता. येथे रोज रात्रीच्या कौटुंबिक वेळेत, सासू-सुनांच्या मालिकांच्या रांगेत, महाड, नाशिक आणि येवला प्रथमच येत होते. मराठवाड्यात तर या दर्शनाला आणखी एक पार्श्वभूमी आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि तत्कालीन परभणी जिल्ह्यासह मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. ज्या नावासाठी घरे जळाली, ते नाव रोज संध्याकाळी शीर्षकगीतात ऐकणे याला निव्वळ मनोरंजन म्हणता येणार नाही. त्या प्रतिसादात मान्यतेची मागणी होती.

हीच मागणी शेजारच्या कर्नाटकात अधिक ठळक रूपाने दिसली. बाबासाहेबांवरील हिंदी मालिकेचे ‘महानायक’ हे कन्नड रूपांतर २०२० मध्ये प्रसारित होऊ लागले, तेव्हा गावोगावी तिच्या समर्थनाचे फलक लागले. मालिका बंद करावी अशा धमक्या येत असल्याचे वाहिनीच्या प्रमुखांनी सांगितल्यावर फलकांची संख्या वाढली. प्रेक्षकाने मालिकेची जाहिरात आपल्या वस्तीच्या तोंडाशी उभी करावी, ही घटना दूरचित्रवाणीच्या इतिहासात विरळा म्हणावी अशी आहे. गावात पुतळ्याच्या जागेवरून जे वाद होतात त्यांच्याशी या फलकांचे नाते जवळचे आहे.

येथवरच्या विवेचनावरून प्रेक्षकाची बाजू समर्थनीय वाटेल, आणि बऱ्याच अंशी ती आहेच. दोष निर्मात्यांच्या वाचनात आहे. प्रेक्षक सन्मान मागतो. निर्माते त्याचा अर्थ ‘शंकेला बंदी’ असा लावतात. परिणामी संस्थापक पडद्यावर येतो तो पूर्ण घडलेला. त्याला प्रश्न पडत नाहीत, त्याचे निर्णय चुकत नाहीत, आणि विरोधक एक तर खल असतात किंवा मूर्ख. ‘महामानवाची गौरवगाथा’ या नावातच ही मर्यादा दडलेली आहे. वास्तविक ज्या समाजासाठी ही मालिका विशेषत्वाने होती, त्याची स्वतःची परंपरा वादाची आहे. सत्यशोधक जलशांपासून भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशापर्यंत सवाल-जवाब हा प्रयोगाचा प्राण होता. विरोधी बाजू मांडणारे पात्र समोर उभे राही आणि युक्तिवादाने निरुत्तर होई. श्रोत्यांना दोन्ही बाजू ऐकवल्या जात. नव्वद वर्षांपूर्वी मंडपात बसलेल्या निरक्षर श्रोत्याला जे झेपले, ते आजच्या प्रेक्षकाला झेपणार नाही, हे कशाच्या आधारावर ठरवले गेले?

या दृष्टीने श्याम बेनेगल यांच्या ‘संविधान’ (२०१४) या दहा भागांच्या हिंदी मालिकेचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. राज्यसभा वाहिनीवर ती प्रसारित झाली. ही वाहिनी २०२१ मध्ये ‘संसद टीव्ही’त विलीन झाली. सचिन खेडेकर यांचे आंबेडकर आणि दलीप ताहिल यांचे नेहरू येथे भाषणे करतात, ऐकतात, अडवले जातात. घटना समितीतील चर्चा हाच मालिकेचा गाभा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना आंबेडकरांनी भारतीय खेड्याविषयी काढलेले कठोर उद्गार आणि त्यावर अनेक सभासदांनी घेतलेला आक्षेप हा त्या चर्चेतील एक अत्यंत नाट्यपूर्ण भाग होय. ग्रामपंचायतींविषयीचे चाळिसावे कलम अशाच आग्रहातून घटनेत आले. हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात या एका प्रसंगावर घरोघरी वाद व्हायला हवा होता. तसा तो झाला नाही. शिवकालीन मालिकांसारख्या मिरवणुका नाहीत, ‘महानायक’सारखे फलक नाहीत, आक्षेपही नाहीत. सरकारी वाहिनी, हिंदी भाषा, आठवड्यातून एकदा प्रक्षेपण ही कारणे आहेतच. पण मराठी समीक्षेनेही या मालिकेला प्रेक्षक मिळवून देण्याचे काम केले नाही, हेही मान्य करावे लागते.

मराठवाड्याच्या बाबतीत या शांततेला आणखी एक कारण संभवते. ९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीची पहिली बैठक झाली तेव्हा हिंगोली हा हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्याचा तालुका होता. संस्थानाने समितीवर प्रतिनिधी पाठवले नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान मुक्त झाले, नोव्हेंबरपासून कलमवार चर्चा सुरू झाली, तरीही हैदराबादच्या जागा रिकाम्याच राहिल्या. अखेर नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाच्या फर्मानाने ही घटना संस्थानाला लागू झाली. म्हणजे ‘संविधान’ पाहणाऱ्या येथील प्रेक्षकाला त्या सभागृहात आपल्या मुलखाचा माणूस शोधूनही सापडणार नाही. त्या काळात येथील माणसे तुरुंगात होती, सरहद्दीवरील शिबिरांत होती. त्यांचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव १९९४ पासून नांदेडच्या विद्यापीठाला आहे. हिंगोलीतील महाविद्यालये त्याच विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि प्रत्येक गुणपत्रिकेवर ते नाव छापलेले असते. त्यांच्यावर गाजलेली अशी एकही मालिका नाही. शिवचरित्र पाहताना वेरूळचे भोसले आणि १६७९ सालची जालन्याची लूट एवढ्यापुरता मराठवाडा पडद्यावर येतो, आणि राष्ट्राच्या स्थापनेची कथा सुरू झाली की तो दिसेनासा होतो.