बारी, क्रम आणि प्लेलिस्ट : सिंधुदुर्गातील डबलबारी भजनाच्या संदर्भात गीतक्रमाचा विचार

१. प्रस्तावना

मराठी संगीतसमीक्षेत गाण्याचा विचार पुष्कळ झाला आहे; गाण्यांच्या क्रमाचा विचार मात्र अपवादानेच झालेला दिसतो. कवी, संगीतकार, गायक आणि वादक यांच्या वाट्याला समीक्षा येते. कोणत्या गाण्यामागून कोणते गाणे यावे हे ठरविणाऱ्याला मात्र आपण कलावंत मानत नाही. कॅसेटच्या काळात आवडीची गाणी निवडून ती दुकानातून भरून घेणे हा छंद समजला जाई. आज तीच कृती मोबाईलवर 'प्लेलिस्ट' या नावाने होते आणि तिच्याकडेही केवळ करमणुकीची सोय म्हणूनच पाहिले जाते. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी वाजणारे संगीत असो, की मालवणातल्या हळदीच्या रात्रीचा डीजे असो, कोणीतरी निवड केलेली असते आणि कोणीतरी क्रम लावलेला असतो. ही कृती समीक्षेच्या कक्षेत यावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

गाण्यांचा क्रम ही स्वतंत्र अर्थनिर्मिती आहे आणि तिला जबाबदार अशी एक व्यक्ती असावी लागते, असे प्रतिपादन या लेखात केले आहे. या क्रमाचे निकष शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. सिंधुदुर्गातील डबलबारी भजनाने ते प्रत्यक्ष प्रयोगातून सिद्ध केले आहेत. त्या निकषांवर इंडी रॉक आणि नृत्यसंगीत यांची एक प्लेलिस्ट तपासून पाहणे, हे या लेखाचे प्रयोजन होय.

२. दोन भिन्न प्रकृतींचे संगीत

इंडी रॉक आणि नृत्यसंगीत हीच जोडी निवडण्यास कारण आहे. 'इंडी' हे 'स्वतंत्र' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे लघुरूप असून, मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या बाहेर राहून निर्माण झालेल्या संगीतास ते मुळात लावले गेले. इंडी रॉकमधील गाणे स्वयंपूर्ण असते. त्याला आरंभ, ध्रुवपद आणि शेवट असतो. ते शब्दांसह ऐकण्यासाठी असते. याउलट क्लबमधील नृत्यसंगीतात एक गाणे दुसऱ्यात विरघळणे अपेक्षित असते. 'हाऊस' या प्रकारात मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके असतात आणि दोन गाण्यांची गती जुळवून ठोका अखंड ठेवणे हे डीजेचे प्राथमिक कौशल्य मानले जाते. रॉकमधील प्रत्यक्ष ड्रमवादकाची लय श्वासाप्रमाणे किंचित मागेपुढे होते, तर यंत्राचा ठोका ढळत नाही. म्हणूनच ही दोन संगीते एका सूत्रात गुंफताना क्रम लावणाऱ्याची खरी परीक्षा होते.

ही गुंफण अशक्य नाही, हे इंग्लंडमधील मँचेस्टर शहराने दाखवून दिले. तेथे १९७८ मध्ये सुरू झालेल्या 'फॅक्टरी' या छोट्या संस्थेने 'न्यू ऑर्डर' या वाद्यवृंदाचे 'ब्लू मंडे' हे गाणे १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. सुमारे साडेसात मिनिटांच्या या गाण्यात प्रथम यंत्राचा ठोका येतो, त्यावर एकेक थर चढत जातो आणि गायन दोन मिनिटे उलटून गेल्यावर सुरू होते. रॉक वाद्यवृंदाने नृत्याची रचना स्वीकारल्याचे हे ठळक उदाहरण आहे. याच मंडळींच्या सहभागातून १९८२ मध्ये सुरू झालेला 'हासिएंडा' हा क्लब १९९७ पर्यंत चालला आणि दोन्ही प्रकारचे श्रोते एका छताखाली आले.

आपल्या शेजारीही याच काळात एक महत्त्वाची घटना घडली. तेरेखोल ओलांडून पेडणेमार्गे बार्देशात उतरले की शिवोली हे गाव लागते. तेथे रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये 'गोअन क्रेझी' हा गीतसंग्रह घरीच चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केला, वाद्ये स्वतःच वाजविली आणि त्याच्या कॅसेट स्वतःच्या स्कूटरवरून दुकानोदुकानी पोहोचविल्या. 'इंडी' हा शब्द आपल्याकडे रूढ होण्यापूर्वीच त्या वृत्तीचा प्रत्यय सिंधुदुर्गाच्या सीमेलगत आला होता.

३. डबलबारीतील क्रमविचार

क्रमाचे शास्त्र मात्र सीमेच्या अलीकडे, भजनाच्या मांडवात अधिक रेखीव झालेले आढळते. डबलबारीत दोन भजनी बुवा आपापल्या साथीदारांसह समोरासमोर बसतात. पेटी, पखवाज, झांज आणि मागे कोरस अशी प्रत्येकाची सिद्धता असते. एकाची बारी पूर्ण झाल्यावर दुसऱ्याची सुरू होते. बारीचा क्रम साधारणतः नामस्मरण व स्तवन, रूपाचा अभंग, अभंग, गौळण आणि अखेरीस गजर असा असतो. तपशिलात बुवागणिक फरक पडतो. गावच्या देवळातील उत्सव, गणेशोत्सव आणि मुंबईतील चाकरमान्यांचे कार्यक्रम यांतून ही परंपरा वाढली. काशीराम परब, परशुराम पांचाळ, चिंतामणी पांचाळ यांसारख्या बुवांची नावे तिच्याशी निगडित आहेत.

या क्रमातील प्रत्येक स्थानाला निश्चित कार्य आहे. स्तवनातून बुवा आपला स्वर लावतो आणि मांडवातील गलबला शांत करतो. रूपाच्या अभंगात देवाचे दर्शन घडते. त्याबरोबरच बुवाच्या गळ्याची ओळखही श्रोत्यास पटते. अभंगात विचार मांडला जातो. पुष्कळदा पुराणातील एखादा प्रश्न येथेच प्रतिस्पर्ध्यापुढे ठेवला जातो. गौळणीत नाट्य व विनोद येतो, चिमटे काढले जातात, आणि लोकप्रिय चालींनाही येथे मुक्तद्वार असते. गजरात शब्द कमी होतात, लय चढते, पखवाज दुप्पट-चौपटीत जातो आणि श्रोता टाळ्यांच्या रूपाने वादनात सहभागी होतो.

गौळणीचे स्थान विशेष लक्षणीय आहे. अभंगाच्या गांभीर्यातून गजराच्या आवेगाकडे थेट उडी मारली तर गजर पोकळ वाटतो. मधल्या हास्याने श्रोता सैल होतो आणि मगच शरीर लयीला शरण जाते. म्हणजे गौळण ही दोन मनःस्थितींमधील साकव आहे. क्रमाचे मर्म अशा साकवात असते. केवळ उत्तम गाण्यांच्या बेरजेत नसते.

दुसरी गोष्ट अशी की हा क्रम एकट्याचा नसतो. दुसऱ्या बारीच्या बुवाला समोर घडलेल्या बारीला उत्तर द्यावे लागते. घरून ठरवून आणलेला अभंग ऐनवेळी बदलावा लागतो. श्रोत्यांची दाद आणि प्रतिस्पर्ध्याचा प्रश्न या दोन्हींचे भान ठेवून क्रम तिथल्या तिथे घडत जातो.

या परंपरेचे आदर्शीकरण करण्याचा येथे हेतू नाही. चिमटे कधी वैयक्तिक पातळीवर घसरतात, आणि टाळीच्या मोहाने गजर लवकर आणला जातो. चित्रपटगीतांच्या चाली घेतल्याबद्दल होणारी टीका मात्र सरसकट मान्य करता येत नाही. चाल उसनी असणे हा दोष नव्हे. ती चुकीच्या स्थानी येणे हा दोष आहे. गौळणीत शोभणारी उडती चाल रूपाच्या अभंगाला लावली, तर त्या अभंगाचे कार्यच नाहीसे होते.

४. बारीच्या क्रमाने एक प्लेलिस्ट

वरील निकषांची कसोटी म्हणून प्रस्तुत लेखकाने एक छोटी प्लेलिस्ट बारीच्या क्रमाने लावून पाहिली. आरंभी 'अभंग रिपोस्ट' या मुंबईच्या वाद्यवृंदाने गायिलेला अभंग घेतला. गिटार, बेस आणि ड्रम यांच्या साथीने संतरचना गाणाऱ्या या वृंदामुळे स्वर लावण्याचे व ओळख पटविण्याचे काम होते. त्यानंतर रेमो यांच्या 'गोअन क्रेझी'तील गीत ठेवले, मग 'ब्लू मंडे' आणि शेवटी क्रेटेक्स व श्रेयस सागवेकर यांचे 'तांबडी चामडी'. २०२४ मध्ये गाजलेले हे गीत मराठी शब्दांना हाऊसच्या ठोक्यावर बसविते, आणि 'स्पिनिन' या डच नृत्यसंगीत कंपनीने ते प्रसिद्ध केल्यामुळे त्याची विशेष चर्चा झाली.

या क्रमातून काही निरीक्षणे हाती आली. अभंगाकडून रेमो यांच्याकडे जाताना भाषा बदलते, परंतु गिटार हा दुवा टिकून राहतो. त्यांच्या गीतातील खट्याळपणा गौळणीची जागा घेतो. 'ब्लू मंडे'चा दीर्घ आरंभ गजराच्या विलंबित भागासारखे काम करतो, कारण शब्दांची अपेक्षा लांबवून तो कानाला ठोक्याची सवय लावतो. त्यानंतर 'तांबडी चामडी' आले की ते द्रुत गजराप्रमाणे खुलते. हेच गीत आरंभी ठेवले असता पुढील प्रत्येक गाणे संथ आणि निस्तेज भासले. गाणी तीच होती. अर्थ बदलला तो स्थानामुळे.

या प्रयोगातील उणीवही नोंदविली पाहिजे. गजरानंतर दुसरी बारी नव्हती. प्लेलिस्ट संपली आणि यंत्राने आपल्या मनाने पुढचे गाणे सुरू केले. प्रश्न विचारला गेला होता असे मानले, तरी त्याला उत्तर देणारे समोर कोणी नव्हते.

५. क्रमाचे उत्तरदायित्व

येथेच मूळ मुद्दा उपस्थित होतो. २००५ मध्ये आलेल्या 'आयपॉड शफल' या उपकरणाने गाणी कोणत्याही क्रमाने ऐकण्यालाच आकर्षण बनविले. २०१५ पासून 'स्पॉटिफाय'ने दर आठवड्याला प्रत्येक श्रोत्यासाठी यंत्राने सिद्ध केलेली यादी देण्यास प्रारंभ केला. ही सेवा भारतात २०१९ मध्ये आली. समान आवडीच्या इतर श्रोत्यांच्या सवयींवरून अशा याद्या तयार होतात. त्यांतून अपरिचित गाणी भेटतात, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. दूरच्या गावातील विद्यार्थ्याला मँचेस्टरचे संगीत सहज उपलब्ध झाले, ही मोठीच गोष्ट आहे. तथापि अशा यादीत रूपाच्या अभंगानंतर अभंगच का, असे विचारता येत नाही. कारण उत्तर देण्यास कोणी बांधलेले नसते. बुवाचा क्रम फसला तर मांडव उठून जातो. यंत्राचा क्रम फसला तर श्रोता फक्त गाणे पुढे ढकलतो.

याचा उलट परिणाम आता डबलबारीवरही संभवतो. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींत बहुधा गजराची दोन-चार मिनिटे असतात. पहिल्या बारीतील प्रश्न पाहिला जातो, दुसऱ्या बारीतील उत्तर पाहिले जात नाही. म्हणजे अर्धा वाद संपूर्ण वाद म्हणून पसरतो. नव्या पिढीतील गायक अशा तुकड्यांवरूनच शिकू लागला, तर त्याला द्रुत लय साधेल, पण त्या लयीपर्यंत मांडवाला कसे न्यावे हे साधणार नाही. साकव बांधण्याची विद्या अशा तुकड्यांत दिसतच नाही. आणि जे दिसत नाही त्याचा लोप झाल्याचेही लक्षात येत नाही.

६. समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, गीतांची निवड आणि क्रम ही समीक्षेस पात्र अशी कृती असून तिचे मूल्यमापन सुट्या गाण्यांच्या गुणवत्तेवरून करता येत नाही. दुसरा, स्थानाचे कार्य, मनःस्थितींमधील साकव आणि समोरच्याला दिलेले उत्तर हे डबलबारीतून मिळणारे निकष इंडी रॉक व नृत्यसंगीताच्या आधुनिक यादीलाही लावता येतात. पैकी तिसऱ्या निकषावर आजची प्लेलिस्ट उणी ठरते. तिसरा निष्कर्ष आपणा अध्यापकांच्या कामाशी संबंधित आहे. डबलबारीचे संकलन करताना दोन्ही बाऱ्या अखंड मुद्रित कराव्यात आणि कोणत्या रचनेमागून कोणती आली, ऐनवेळी काय बदलले, याची नोंद ठेवावी. स्नेहसंमेलनासाठी गाण्यांची यादी करणाऱ्या विद्यार्थ्यालाही एवढे विचारण्यास हरकत नाही : हे गाणे या जागी का?

ज्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर देता येईल, त्याच्या हाती समीक्षेचे पहिले साधन आले असे समजावे.