मैना काय म्हणाली?

दौंड स्टेशनवर गाडीची वाट बघताना कुणाच्या मोबाइलवर 'माझी मैना गावावर राहिली' लागलं, की शेजारचे दोघे-तिघे मान वर करतातच. अण्णा भाऊ साठेंची ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली. पण डोक्यात घोळत राहतो तो तिचा पहिला भाग: पोटासाठी मुंबईला गेलेला गडी आणि मागे राहिलेली त्याची बायको. पुढे गाणं वळतं. घरातला विरह नकाशावर जातो आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची ताटातूट गड्याला आपल्या मैनेसारखीच सलू लागते.

या वळणात अण्णा भाऊंची खरी ताकद आहे. राज्य पुनर्रचनेसारखा रुक्ष विषय त्यांनी गिरणी कामगाराच्या काळजाला नेऊन भिडवला. शिरूर-दौंडकडून पोटासाठी शहर गाठणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

अडचण इथूनच सुरू होते. या गाण्यात बोलतो तो मुंबईतला गडी. मैना बोलत नाही. ती वाटच बघत असणार, असं आपण धरून चालतो.

इतिहासात मात्र मैना बोलली होती. महाराष्ट्र वेगवेगळ्या राजवटींचे तुकडे जोडून झाला. आपला भाग मुंबई इलाख्यातला. कोरेगावच्या लढाईसाठी इंग्रजांची पलटण ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती. मराठवाडा सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाकडे होता. विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि नागपूर राजधानी होती. एकत्र येण्याआधी विदर्भाने अटी घातल्या. १९५३चा नागपूर करार त्यातूनच झाला. १९५५मध्ये फाजल अली आयोगाने तर विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं. म्हणजे एक मैना 'मला घेऊन चला' म्हणत होती, तर दुसरी 'आधी लिहून द्या' म्हणत होती. विरहाच्या रूपकात ही दुसरी मैना मावत नाही.

रुळांकडे बघा. दौंड-मनमाड मार्ग पहिल्यापासून ब्रॉडगेज. पण मनमाडहून औरंगाबादकडे जाणारा, निजामाच्या राज्यातला मार्ग मीटरगेज. दौंडहून मराठवाड्यात जायचं तर मनमाडला गाडी बदलावी लागे. राज्य १ मे १९६० रोजी एक झालं. हे रूळ एका मापाचे व्हायला नव्वदचं दशक उजाडलं.

त्याच वर्षी, बरोबर दोन महिन्यांनी, १ जुलै १९६० रोजी ब्रिटिश आणि इटालियन अमलाखालचे दोन प्रदेश मिळून सोमालिया हा देश झाला. दोन्हीकडची भाषा सोमाली. पण एकीकडे कारभार इंग्रजीत चाले, दुसरीकडे इटालियनमध्ये, कायदेही वेगळे. सोमालीची अधिकृत लिपी ठरायला १९७२ उजाडलं. १९९१मध्ये उत्तरेकडच्या सोमालीलँडने आपण वेगळे झाल्याचं जाहीर केलं. भाषा एक असली की संसार आपोआप सुखाचा होतो, असं नाही. आपल्याकडे वेळ तिथवर आली नाही; पण विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषाची भांडणं विधानसभेने कितीतरी वर्षं ऐकली आहेत.

याचा दोष अण्णा भाऊंना देता येणार नाही. मैदानात जमलेल्या कामगारांसमोर गायची छक्कड म्हणजे काही करारनामा नव्हे. तिने लढणाऱ्यांना बळ दिलं, तिचं काम झालं. चूक आपली आहे. आपण गाण्यालाच इतिहास समजतो, १ मेला स्टेटस ठेवतो आणि नागपूर किंवा परभणीचा कुणी तक्रार करू लागला, की त्याला महाराष्ट्रद्रोही ठरवून मोकळे होतो.

छक्कड जरूर ऐका, वळण येईपर्यंत नाही, शेवटपर्यंत ऐका. मग तिकडचा एखादा मित्र असेल तर त्याला विचारा, तुझ्या घरात १९६०बद्दल काय बोलतात? उत्तर कदाचित गाण्याइतकं गोड नसेल. तरीही मध्येच तोडू नका.