भिंतीचा कागद, बूट आणि मृत्युकिरण

फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिन येतो आणि शाळाशाळांच्या भित्तिपत्रकांवर 'योगायोगाने लागलेले शोध' ही चौकट हमखास झळकते. बालपुरवण्या, प्रश्नमंजूषेची पुस्तके, वक्तृत्वस्पर्धेची भाषणे यांतून या कथा एकमेकींची नक्कल करीत फिरत असतात. त्यांपैकी तीन आम्ही येथे तपासायला घेतल्या आहेत. एक, भिंतीला लावायचा कागद करायला गेले आणि झाले बुडबुड्यांचे वेष्टन, म्हणजे मुलांना फोडत बसायला आवडते ते बबल रॅप. दोन, प्रयोगशाळेत बुटावर रसायन सांडले आणि डाग न धरणारे कापड मिळाले. तीन, लेसर तयार झाला तेव्हा त्याला काही कामच नव्हते. पुढे तो बॉम्बला वाट दाखवू लागला.

तिन्हींचा साचा एकच: हवे होते एक, मिळाले दुसरे. या कथा खोट्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. आमची तक्रार त्या जेथे संपतात त्या जागेविषयी आहे. योगायोग हा या शोधांत फार तर पहिल्या काही मिनिटांचा धनी आहे. पुढची वीस, तीस, पन्नास वर्षे माणसांनी विचारपूर्वक केलेल्या कामांची आणि घेतलेल्या निर्णयांची आहेत. चौकट नेमकी पहिल्या मिनिटाला मिटते. शोध आपोआप लागला असे एकदा मनावर ठसले, की त्याचे पुढे जे बरेवाईट झाले तेही आपोआपच झाले, त्याला कोणी जबाबदार नाही, ही समजूत फार दूर राहत नाही.

सर्वांत निरुपद्रवी कथेपासून आरंभ करू. १९५७ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतील हॉथॉर्न येथे आल्फ्रेड फील्डिंग हा अभियंता आणि मार्क शव्हान हा मूळचा स्विस संशोधक, या दोघांनी न्हाणीघरात लावतात तसले प्लास्टिकचे दोन पडदे एकमेकांना चिकटवले. मध्ये हवेचे फुगे अडकले. उठावदार नक्षीचा वॉलपेपर म्हणून हा माल खपेल असे त्यांना वाटले. तो खपला नाही. हरितगृहांना उष्णतारोधक अस्तर म्हणूनही तो पुढे करून पाहिला, तेही साधले नाही. १९६० मध्ये सील्ड एअर ही कंपनी निघाली, आणि तिच्या फ्रेडरिक बॉवर्स या विक्रीतज्ज्ञाने आयबीएमचा १४०१ हा नवा संगणक गिऱ्हाइकाकडे पाठवताना हे वेष्टन कसे उपयोगी पडेल ते त्या कंपनीला पटवून दिले.

चौकटीत यानंतर 'आणि नाजूक वस्तू सुरक्षित राहू लागल्या' असे एक वाक्य येते आणि कथा संपते. का सुरक्षित राहू लागल्या? हे नववीच्या विद्यार्थ्याला स्वतः मांडता येते. पडताना वस्तूला जो वेग मिळतो तो जमिनीला टेकल्यावर काही अंतरात नाहीसा व्हावा लागतो. पडण्याच्या उंचीला या थांबण्याच्या अंतराने भागले, की सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या साधारण किती पट झाले ते मिळते. एक मीटरवरून फरशीवर पडलेली वस्तू एका मिलिमीटरात थांबली तर हे मंदन हजार पट होते. तीच दोन सेंटिमीटर दबणाऱ्या बुडबुड्यांवर थांबली तर पन्नास पट. वेष्टन धक्का 'शोषून घेते' असे आपण सैलपणे म्हणतो. खरे म्हणजे ते थांबायला जागा देते. भाताच्या पेंढ्यात बसवलेल्या हापूसच्या पेट्या कोकणातून मुंबईला येत, त्यामागेही हेच गणित होते.

पेंढ्याची आठवण आली ती आणखी एका कारणाने. पेंढा पेटीतून निघाला की गुरांपुढे जाई किंवा उकिरड्यात कुजे. पॉलिथिन तसे कुजत नाही. शिवाय त्यातून हवा हळूहळू झिरपते, म्हणून चांगल्या प्रतीच्या वेष्टनात मध्ये नायलॉनसारखा हवा अडवणारा थर घालतात. अशी दोन वेगळी बहुवारिके एकमेकांना चिकटली की पुनर्वापरासाठी ती वेगळी करणे कठीण होते. हा थर चुकून पडलेला नाही. कोणीतरी गरज ओळखून, खर्चाचा हिशेब करून तो घातला आहे. चिकटलेल्या पडद्यांपासून तापलेली फिल्म खळगे असलेल्या रुळावर निर्वाताने ओढून तिला सलग फुगे पाडण्यापर्यंतचा प्रवासही असाच विचारपूर्वक झालेला आहे. शव्हानला त्या पद्धतीचे पेटंट १९६४ मध्ये मिळाले. भित्तिपत्रकावर हा रूळ काढलेला आम्ही कधी पाहिला नाही, फुटणारे बुडबुडे मात्र नेहमी पाहिले.

दुसरी कथा अधिक गंभीर आहे आणि चौकटीने तिचे नुकसानही अधिक केले आहे. पॅट्सी शर्मन ही तरुण रसायनज्ञ १९५२ मध्ये अमेरिकेतील थ्रीएम कंपनीत लागली. जेट विमानांच्या इंधननळ्यांत टिकेल असे फ्लोरीनयुक्त रबर तयार करण्याचे काम तिच्या गटाकडे होते. १९५३ मध्ये अशाच एका नमुन्याचे काही थेंब मदतनिसाच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटावर पडले. पाणी, साबण, विद्रावक, कशानेही ते निघेनात. आणि बूट मळत गेला तरी तेवढा भाग स्वच्छ राहिला.

येथपर्यंत योगायोग. पण कशानेही न निघणारा डाग पाहून बहुतेकांनी बूट टाकून दिला असता. शर्मन आणि तिचा सहकारी सॅम स्मिथ यांनी त्यावर काम सुरू केले, आणि स्कॉचगार्ड या नावाने माल बाजारात यायला १९५६ साल उजाडले. कापडगिरणीत चाचण्या चालू असताना शर्मनला बाहेर थांबावे लागे, कारण त्या गिरणीत स्त्रियांना प्रवेश नव्हता. बुटाची कथा रंगवून सांगणाऱ्या चौकटींना ही गोष्ट सांगावीशी वाटत नाही, याचे आम्हाला नवल वाटते. विद्यार्थिनींच्या वर्गात तर ती बुटापेक्षा जास्त काळ लक्षात राहील.

यातील रसायनशास्त्र अळवाच्या पानाने सुरू करता येते. अळवावरचे पाणी थेंबाथेंबाने घरंगळते, कारण पानावर मेणचट, सूक्ष्म खडबडीत थर असतो. आता त्याच पानावर गोडेतेलाचा थेंब टाका, तो पसरतो. पाण्याचा पृष्ठताण मोठा, तेलाचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. मेण पाण्याला दूर ठेवू शकते, तेलाला नाही. तेलालाही दूर ठेवायचे तर पृष्ठभाग मेणापेक्षाही 'उदासीन' हवा, आणि ते काम फ्लोरीनने वेढलेल्या कार्बनच्या साखळ्या करतात. धाग्यावर त्या केसांसारख्या बाहेर तोंड करून उभ्या राहतात. शर्मन आणि स्मिथ यांनी पुढे याहून चतुर रेणू घडवला. त्यात फ्लोरीनच्या साखळ्यांबरोबर पाण्याशी सलगी करणारे भागही होते. कापड कोरडे असताना फ्लोरीन वर, धुण्याच्या पाण्यात गेले की पाणीप्रेमी भाग वर, म्हणजे मळ सुटायला मोकळा. याचे पेटंट १९७१ चे आहे. आमच्या मते त्यांचा खरा शोध हाच, आणि त्यात सांडलवंडीचा काही संबंध नाही.

आता चौकटीबाहेरचा भाग. कार्बन आणि फ्लोरीन यांचा बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातील अत्यंत बळकट बंधांपैकी आहे. ज्या गुणामुळे डाग धरत नाही, त्याच गुणामुळे हे पदार्थ जीवाणूंना पचत नाहीत आणि उन्हापावसातही मोडत नाहीत. १९६८ मध्ये डोनाल्ड टेव्हस या संशोधकाने माणसाच्या रक्तात फ्लोरीन दोन रूपांत असतो असे दाखवले. त्यांपैकी एक रूप सेंद्रिय संयुगाचे निघाले. १९९७ मध्ये थ्रीएमच्याच प्रयोगशाळेत रक्तपेढ्यांतील रक्त तपासले गेले, आणि सर्वसामान्य माणसांच्या रक्तात पीएफओएस हा पदार्थ आढळला. स्कॉचगार्डच्या तेव्हाच्या रसायनांशी त्याचे थेट नाते होते. तो शरीरातून निम्मा व्हायलाही काही वर्षे लागतात. मे २००० मध्ये कंपनीने हे रसायन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराने त्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध घातले. २०२३ मध्ये अमेरिकेतील सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थांशी या गटातील रसायनांबाबत तडजोड करताना कंपनीने किमान १०.३ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले.

१९५३ च्या प्रयोगशाळेत कोणाला हे दिसायला हवे होते, असे आम्ही म्हणत नाही. पण रक्तात काही सापडल्यानंतर काय तपासायचे, कोणाला कळवायचे आणि उत्पादन किती वर्षे चालू ठेवायचे, हे निर्णय होते. बुटाची गोष्ट ज्या विद्यार्थ्याला दहा ओळींत सांगितली त्याला ही अकरावी ओळ सांगायला काय हरकत आहे? बाजारात आता 'पीएफएएस नाही' अशी चिठ्ठी लावलेली रेनकोट-जाकिटे येतात. तिचा अर्थ बुटाच्या गोष्टीवरून लागत नाही.

लेसरच्या कथेत तर पहिले वाक्यच चुकते. थिओडोर मेमन याने १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर चालवून दाखवला. हे उपकरण म्हणजे प्रश्न नसलेले उत्तर, असा विनोद तेव्हा होता, आणि चौकटींनी तो वस्तुस्थिती म्हणून उचलला. पण डिसेंबर १९६१ मध्येच न्यूयॉर्कमध्ये रुग्णाच्या डोळ्यातील गाठीवर लेसरने उपचार झाला होता. दुसरीकडे जुलै १९६० मध्ये शोध जाहीर होताच वृत्तपत्रांनी 'मृत्युकिरण' असे मथळे दिले. ही प्रतिमा इतकी चिवट आहे की 'लेसर बॉम्ब' हा शब्द ऐकल्यावर आजही मुलांच्या डोळ्यांपुढे आग ओकणारा किरण उभा राहतो.

प्रत्यक्षात लक्ष्य दाखवणारा लेसर काहीही जाळत नाही. तो फक्त एक ठिपका टाकतो. हा प्रकाश बहुधा निओडिमियमच्या लेसरचा, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे अवरक्त असतो, डोळ्यांना न दिसणारा. ओबडधोबड पृष्ठभागावरून तो सर्व दिशांना विखुरतो. अनियमित परावर्तन शिकवताना आपण भिंत आणि आरसा ही उदाहरणे देतो. येथे भिंत उपयोगाची, आरसा निरुपयोगी. बॉम्बच्या नाकाशी चार भागांत विभागलेला प्रकाशसंवेदक असतो. चारही भागांवर सारखा प्रकाश पडला तर दिशा बरोबर; एका बाजूला जास्त पडला तर पंख वळून दिशा सुधारतात. प्रकाशाचे स्पंद ठरावीक अंतराने येत असल्याने बॉम्ब आपला ठिपका ओळखतो. बाकी तो साधा लोखंडी बॉम्बच. त्याला इंजिनही नसते. ढग, धूर किंवा धूळ मध्ये आली की ठिपका हरवतो. ही जुळणी अमेरिकेत १९६० च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने वायुदलासाठी केली, आणि ती मागणीवरून केली. येथे योगायोगाचे नावही घ्यायला नको.

व्हिएतनाममधील थान्ह होआचा पूल १९६५ पासून शेकडो विमानफेऱ्यांना पुरून उरला होता. १३ मे १९७२ रोजी लेसरमार्गदर्शित बॉम्बनी तो निकामी केला. आपल्याकडे कारगिलच्या युद्धात २४ जून १९९९ रोजी मिराज विमानांनी टायगर हिलवर असे बॉम्ब टाकले. चौकटींत या शस्त्राला 'अचूक' हे विशेषण कायमचे चिकटले आहे. या विशेषणाकडे विज्ञानशिक्षकाने थोडे संशयाने पाहावे असे आम्हाला वाटते. व्हर्निअर कॅलिपरचा शून्यदोष काढला नाही, तर दहा मापने एकमेकांशी तंतोतंत जुळतात आणि दहाही चूक असतात, हे आपणच शिकवतो. १३ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे बगदादमधील अमिरिया निवाऱ्यावर दोन लेसरमार्गदर्शित बॉम्ब पडले. ते ठिपक्यावरच पडले. ते लष्करी आदेशकेंद्र आहे असे अमेरिकेचे म्हणणे होते. आत चारशेहून अधिक नागरिक मेले.

त्याच युद्धात, बॉम्ब इमारतीच्या झरोक्यातून आत शिरतो अशी चित्रे जगभर दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, आणि बहुतेक चौकटींचा उगम तेथे आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९७ मध्ये त्या हवाई मोहिमेचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. 'एक लक्ष्य, एक बॉम्ब' या दाव्याला त्यात आधार मिळाला नाही. टाकलेल्या बॉम्ब-क्षेपणास्त्रांपैकी मार्गदर्शित होती ती सुमारे ८ टक्के. उरलेले ९२ टक्के साधे बॉम्ब होते, आणि त्यांचे चित्रण दूरचित्रवाणीवर क्वचितच दिसले.