आवाज खाली जातो

टोकियोत राहायला गेलो तेव्हा मुलगी साडेचार वर्षांची होती आणि धाकटा पावणेदोन. निशी-कासाई हा एदोगावा वॉर्डातला भाग. 2000च्या आसपास भारतीय आयटीवाले तिथे येऊ लागले आणि मग येतच राहिले. त्यामुळे तूरडाळ मिळायची, गणपतीत कुठला तरी हॉल भाड्याने घेऊन आरती व्हायची, बागेत घसरगुंडीपाशी मराठी कानावर पडायचं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तिसऱ्याच आठवड्यात टपालपेटीत एक चिठ्ठी आली. खाली नाव नव्हतं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने ती वाचून दाखवली. पावलांचा आवाज खाली जातो, संध्याकाळनंतर थोडी काळजी घेता आली तर आभारी राहू, अशा अर्थाचं काहीतरी होतं. इतकं नम्र, की ते वाचून जास्तच लाज वाटली.

तो म्हणाला, फोमच्या मॅट आणा आणि मिठाईचा बॉक्स घेऊन खाली जाऊन या. दोन्ही केलं. खालच्या आजींनी दारात चारदा वाकून उलट आमचीच माफी मागितली. चिठ्ठी त्यांचीच होती का, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या दिवसापासून घरात एक वाक्य सुरू झालं: “हळू. आवाज खाली जातो.” दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी. धाकटा पुढे बोलायला लागला तेव्हा खेळण्यातल्या ट्रकला दटावायचा, “हलू. आवाज खाई जातो.”

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे हिरोकाझू कोरे-एदाचा ‘नोबडी नोज’. 2004चा सिनेमा. कॉलेजात असताना फिल्म क्लबमध्ये पाहिला होता, रडले होते आणि ‘महानगरातलं एकाकीपण’ छापाचं दीड पानही लिहिलं होतं. टोकियोत तो पुन्हा पाहिला, मुलं झोपल्यावर, हेडफोन लावून. या वेळी सुरुवातीलाच थांबवावा लागला.

एक आई बारा वर्षांच्या मुलाला, अकिराला घेऊन नव्या फ्लॅटमध्ये राहायला येते. दोघं शेजाऱ्यांना रीतसर भेटून येतात. मग दार लावून सूटकेसेस उघडल्या जातात आणि त्यातून दोन लहान मुलं बाहेर येतात, शिगेरू आणि युकी. थोरली बहीण क्योको ट्रेनने येते, तिला अंधार पडल्यावर आत आणलं जातं. मग सगळे जेवायला बसतात आणि आई हसत-खेळत घराचे नियम सांगते. मोठ्याने बोलायचं नाही. बाहेर जायचं नाही, बाल्कनीतसुद्धा नाही. मुलं माना डोलावतात. थोड्या दिवसांनी आई काही पैसे आणि एक चिठ्ठी ठेवून निघून जाते. एकदा भेटवस्तू घेऊन परत येते, पुन्हा जाते. त्यानंतर चार मुलं आणि बंद घर.

मी थांबवला तो त्या नियमांच्या प्रसंगाला. कॉलेजात तो मला भयंकर वाटला होता. आता ओळखीचा वाटला. आवाज तोच, दटावणीतला लाडिक सूर तोच. ही भूमिका करणाऱ्या ‘यू’ या अभिनेत्रीचा आवाज मुळातच लहान मुलीसारखा आहे. कोरे-एदा तिला राक्षसीण करत नाही. ती मुलांच्या केसांतून हात फिरवते, त्यांच्याशी खेळते, आणि नंतर परत येत नाही. त्या दोन गोष्टींच्या मध्ये कुठेही संगीत चढत नाही की कॅमेरा हलत नाही.

या सिनेमावर लिहिताना आपल्याकडे हमखास ‘थंड शहर’ हा शब्द येतो. मी स्वतः तो लिहिला होता. आता वाटतं, तो चूक आहे. सिनेमात बघा, वाईट वागणारं जवळपास कुणीच नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा उरलेलं खाणं मागच्या दाराने देतो. दुकानातली मुलगी अकिराला सुचवते, पोलिसांकडे किंवा बालकल्याणवाल्यांकडे जा. तो नको म्हणतो, कारण मग आम्ही चौघं एकत्र राहणार नाही. आधी एकदा तसं झालंय. ती पुढे काही म्हणत नाही. घरमालकीण भाड्यासाठी दारात येते, आतला पसारा बघते आणि निघून जाते. वीज-पाणी तुटल्यावर मुलं बागेतल्या नळावर कपडे धुतात, भर उजेडात, लोक येता-जाता. सगळे बघतात, पण कुणी विचारत नाही. दुसऱ्याच्या घरात डोकावणं असभ्य असतं, म्हणून. ज्या सभ्यतेने मला ती नम्र चिठ्ठी लिहिली, तीच ही. ती क्रूर असती तर सोपं होतं.

मुलांच्या बाजूनेही तेच. ती आज्ञाधारक आहेत. क्योको, शिगेरू, युकी सगळे इतके शहाणे आहेत की कुणाला त्रास होत नाही, आणि त्रास न देणाऱ्या मुलांची नोंद कुठेच होत नाही. ओरडली असती, भिंतीवर लाथा मारल्या असत्या, तर पहिल्याच महिन्यात एखादी चिठ्ठी आली असती. मूल त्या इमारतीत आहे याचा पुरावा म्हणजे त्याचा आवाज. आईने नेमका तोच काढून घेतला.

यावर कुणी म्हणेल, एका सिनेमावरून शहर ठरवू नका. बरोबर आहे. हे शहर लहान मुलांच्या आवाजाबाबत दोन तोंडांनी बोलतं, हे तिथे राहिलं की कळतं. संध्याकाळी वॉर्डाचे भोंगे एक संथ धून वाजवतात. तिचा अर्थ घराघरात ठाऊक असतो: खेळ पुरे, घरी जा. पहिलीतल्या मुलांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या असतात, लांबून दिसाव्यात म्हणून. आणि त्या जाडजूड दप्तराच्या पट्ट्याला एक बझर लटकत असतो. दोरी ओढली की कान फाटतील असा वाजतो. ‘हळू बोल’ शिकवणारं शहर मुलाच्या हातात किंचाळायचं यंत्रही देतं. शिवाय पाळणाघरांच्या गोंगाटाच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की 2015मध्ये टोकियो महानगर सरकारला आपला नियम बदलून शाळेआधीच्या वयातल्या मुलांचा आवाज ध्वनिमर्यादेतून वगळावा लागला. मुलांच्या आवाजाला कायद्याने सूट द्यावी लागणं ही चांगली बातमी की वाईट, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

पुण्याहून वहिनीचा फोन आला की ती हमखास विचारायची, “तिकडे म्हणे एवढी-एवढी पोरं एकटी दुकानात जातात ना गं?” तिने नेटफ्लिक्सवर ‘ओल्ड इनफ’ पाहिलं होतं. जपानी वाहिनीवर हा कार्यक्रम 1991पासून चालू आहे. 2022मध्ये त्याचे छोटे भाग नेटफ्लिक्सवर आले आणि जगभर पसरले. दोन वर्षं नऊ महिन्यांचा एक मुलगा पिवळा झेंडा हातात घेऊन किलोमीटरभर लांब सुपरमार्केटला जातो, हा भाग तुमच्याही फोनवर कुणीतरी पाठवला असेल. गोड आहे, नाही म्हणणार नाही. पण मला त्या कार्यक्रमाचा हळूहळू राग येऊ लागला. मूल एकटं नसतंच. झुडपांआड, दुकानात गिऱ्हाईक बनून, कॅमेरे लपवून कितीतरी माणसं त्याच्यावर डोळा ठेवून असतात. रस्ता आधी तपासलेला असतो. वर स्टुडिओतलं हसू. शिवाय यातले बरेच भाग छोट्या गावांतले आहेत, आणि आपण ते ‘जपान’ म्हणून, चटकन ‘टोकियो’ म्हणून गिळतो. ‘नोबडी नोज’मधला अकिरा हेच काम वर्षभर करतो: यादी करतो, खरेदी करतो, उरलेले पैसे वहीत मांडतो. फक्त त्याच्यामागे कॅमेरामन लपलेले नसतात.

गंमत म्हणजे त्या कार्यक्रमाचं मूळ असलेलं पुस्तक फार चांगलं आहे. योरिको त्सुत्सुईने लिहिलेलं, अकिको हायाशीने चितारलेलं 1977चं चित्रपुस्तक. लेकीच्या वर्गात ते होतं. पाच वर्षांची मुलगी बाळासाठी दूध आणायला जाते. चढावर पडते, नाणी घरंगळतात, ती शोधते. पण खरी अडचण दुकानात आहे. तिचा आवाज इतका बारीक, की दुकानदारीण बाहेर येत नाही. मोठी माणसं येतात, आपापलं घेऊन जातात, ती तशीच उभी. शेवटी ती जीव काढून ओरडते, तेव्हा कुठे दुकानदारणीला ती दिसते. कार्यक्रमाने यातला रस्ता घेतला आणि आवाज सोडून दिला. माझ्या मते पुस्तक आवाजाचंच होतं.

आवाजाचा आणखी एक सिनेमा आहे, आणि तो लेकीबरोबर बघता येतो: यासुजिरो ओझूचा ‘गुड मॉर्निंग’, 1959चा. टोकियोच्या कडेला चिकटून बांधलेल्या घरांची वसाहत. दोन भावांना टीव्ही हवाय. बाप ओरडतो, फार बडबड करता, गप्प बसा. मोठा भाऊ उलट म्हणतो, बडबड तर तुम्ही मोठे करता, ‘हवा छान आहे’ काय आणि ‘कुठे निघालात’ काय. आणि दोघं मौनाचा संप करतात. आता बघा काय होतं. सकाळी शेजारणीच्या नमस्काराला पोरांनी उत्तर दिलं नाही, एवढ्यावरून ती ठरवते की यांच्या आईने आपल्यावर डूख धरलाय, आणि दुपारपर्यंत गल्लीभर चर्चा. दोन पोरं गप्प बसली तर अख्खी वसाहत हलते. पुढे 45 वर्षांनी कोरे-एदाच्या टोकियोत चार पोरं गप्प बसतात आणि पानही हलत नाही.

पण ओझूची वसाहत मला फुकट दिली तरी नको. तिथल्या कुचाळक्यांना कंटाळून एक तरुण जोडपं बाडबिस्तरा उचलतं. पुण्यात माझ्या माहेरच्या वाड्यात मी तशी जागा पाहिलेली आहे. कुणाच्या घरी काय शिजलं ते सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि त्यातूनच मी पळाले होते.

कोरे-एदावरही माझा एक आक्षेप आहे. सिनेमामागे 1988चं टोकियोच्या सुगामो भागातलं खरं प्रकरण आहे. त्यात सर्वांत धाकट्या मुलीचा मृत्यू थोरल्या भावाच्या मित्रांनी केलेल्या मारहाणीनंतर झाला. सिनेमात ती खुर्चीवरून पडते. कोरे-एदाने मुलांमधली हिंसा काढून टाकली आणि अकिराला जवळजवळ निष्कलंक केलं. गोंतितीचं हलकं तारवाद्यांचं संगीत, खिडकीतला मऊ उजेड, रिकाम्या नूडलच्या कपांत उगवलेली रोपं, हे सगळं मला दुसऱ्या वेळी थोडं खुपलं. उपाशी पोरं इतकी देखणी दिसावीत का? त्याची बाजू घेऊन इतकंच म्हणता येईल, की मुलं बिघडलेली दाखवली असती तर बघणाऱ्याला सुटका मिळाली असती.

आणि त्याने एक गोष्ट अशी केली आहे जी खोटी करता येत नाही. शूटिंग जवळपास वर्षभर, ऋतूंच्या क्रमाने चाललं. युया यागिराला या भूमिकेसाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं तेव्हा तो 14 वर्षांचा होता. सिनेमाभर तो आपल्यासमोर उंच होतो आणि त्याचा आवाज फुटतो. घरात कुणीही मोठं माणूस नसताना मुलाचा आवाज फुटतो, आणि कुणी त्याची थट्टासुद्धा करत नाही.

युकीच्या वाढदिवसाचा प्रसंग मात्र माझ्याने एका बैठकीत बघवला नाही. तिला आईची वाट बघायला स्टेशनवर जायचंय. अकिरा पहिल्यांदा नियम मोडतो. ती निवडते ते पिळपिळ वाजणारे जोडे. जिन्यावर, रात्रीच्या रस्त्यावर, प्रत्येक पावलाला ‘चुईं’ असा आवाज. सिनेमातला सगळ्यात मोठा आवाज तोच. आपण बघताना मनात म्हणत राहतो, कुणीतरी दार उघडा, कुणीतरी ओरडा, केवढा आवाज करतेय ही पोरगी. कुणी उघडत नाही. परतताना मोनोरेल जाते आणि तो तिला विमानं दाखवायचं कबूल करतो. ते वचन तो पुढे पाळतो, सूटकेस घेऊन, हानेदा विमानतळाच्या दिशेने.

धाकट्यालाही तसले जोडे होते, माझ्या आईने पुण्याहून पाठवलेले. चिठ्ठीनंतर मी ते कपाटात वर टाकले होते. सिनेमा संपल्यावर काढले. घरात नाही, पण जिन्यात आणि बाहेर घालू लागलो.

टोकियो सोडताना खालच्या आजींना निरोप द्यायला गेलो. त्यांना इंग्रजी यायचं नाही, मला जपानी जेमतेम. मुलीने, तोवर सहा वर्षांची, मधे पडून अर्थ सांगितला: आजी म्हणतायत, तुमचा छोटा चालताना आधी डगडग वाजायचा, मग पळायला लागला ते त्यांना खालून कळलं. मी माफी मागायला लागले. मुलगी म्हणाली, “आई, त्या तक्रार नाही करत आहेत बहुतेक.” बहुतेक, असंच म्हणाली.

मॅट आम्ही दुसऱ्या इमारतीत नव्याने आलेल्या नागपूरच्या कुटुंबाला दिल्या. त्यांनी विचारलं, शेजारी फार कडक आहेत का?