शिष्यवृत्तीचें माप आणि किनवटचा अभ्यासक

विद्यापीठ अनुदान आयोगानें १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन-शिष्यवृत्ति दरमहा ३१,००० वरून ३७,००० रुपये केली, हें योग्यच झालें. आमचा आक्षेप निराळा आहे. मानव्यविद्यांच्या अभ्यासकास आनुषंगिक खर्चासाठीं पहिलीं दोन वर्षें वर्षाकाठीं १०,००० रुपये मिळतात. महिन्यास साडेआठशेंहि पडत नाहींत. शिष्यवृत्तींतून भागवावें, असें कोणी म्हणेल. पण ती पोटासाठीं आहे.

किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. त्यामुळें त्याच्या इतिहासाचीं साधनें केवळ नांदेडास शोधून भागत नाहीं. हैदराबादेस जावें, तर तेथील सरकारी दफ्तर आधीं फारसी, मग उर्दू. ती लिपि व भाषा शिकण्यांत जाणारा काळ शिष्यवृत्तीच्या पांच वर्षांतूनच वजा होतो! उनकेश्वरचा यादवकालीन शिलालेख तपासावयाचा तर ठसे घेणें आलें. गोंडांच्या मुखीं असलेला इतिहास टिपावयाचा तर पाड्यांवर महिनोन्महिने वस्ती आली. फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांना १९४० नंतर निजाम सरकारचें साहाय्य लाभलें व आदिलाबादेच्या राजगोंडांत दीर्घकाळ राहतां आलें, म्हणूनच त्यांचा १९४८ चा ग्रंथ सिद्ध झाला. तेवढी सवड किनवटच्याच एखाद्या गोंड पदवीधरास कां मिळूं नये?

भाषाशिक्षणाचें एक वर्ष मुदतीबाहेर धरावें, प्रवास व नकला यांचा खर्च प्रत्यक्ष पावतीप्रमाणें द्यावा, आणि मिळालेल्या नकलांची एक प्रत नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठांत ठेवण्याची अट घालावी, असें आम्ही सुचवितों. बार्टी, सारथी या पुण्याच्या संस्थांनाहि हें करतां येण्याजोगें आहे.