बेस किती, टॉप किती? : डीजेचा पैसा आणि डीजेचं संगीत

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय पैशाचा आहे, म्हणून आधी शब्दाचा हिशेब लावून घेऊ. आपल्याकडे ‘डीजे आणलाय का?’ असं कोणी विचारतं तेव्हा तो माणसाबद्दल विचारत नसतो. तो भिंतीबद्दल विचारत असतो. ट्रक किंवा ट्रॅक्टर, त्यावर रचलेले स्पीकर, मागे जनरेटर. भाव ठरतो तो ‘बेस किती, टॉप किती’ यावर. वाजवणारा पोरगा त्या भावातच येतो, केबलसारखा. (हशा)

हसू नका, कारण पुढचं सगळं यातून निघतं. ‘डीजेच्या संगीताला दर्जा नाही’ हे वाक्य आपण दर गणपतीत ऐकतो. आवाजाच्या त्रासाबद्दल माझं दुमत नाही. दहानंतर बंद म्हणजे बंद. पण दर्जाबद्दल बोलणारा समीक्षक एक प्रश्न विचारतच नाही: इथे पैसे नक्की कशाचे दिले जातात? मंडळ सुपारी देतं ती खोक्यांची. खोकी मालकाची, कर्ज मालकाचं, नफाही मालकाचा. ज्याने घरी लॅपटॉपवर बसून ते रिमिक्स बांधलं, त्याचा या व्यवहारात कागदच नाही.

मग तो करतो काय? रिमिक्स फुकट वाटतो आणि गाण्याच्या मधोमध, कधीकधी चार-चार वेळा, स्वतःचं नाव घुमवतो. आपल्या कानाला ते खटकतं, मलाही खटकतं. पण ती त्याची पाटी आहे. रेकॉर्डिंग विकलं जात नसेल तर त्याचं व्हिजिटिंग कार्ड होणार, आणि व्हिजिटिंग कार्डावर नाव मोठंच छापतात. पुढची सुपारी, किंवा दुसऱ्या डीजेसाठी पैसे घेऊन मिक्स बनवून देण्याचं काम, त्या नावावर येतं. संगीताची घडण उत्पन्नाच्या वाटेने ठरते, ती अशी.

हे फक्त मिरवणुकीचं नाही. मोठ्या शहरातल्या क्लबात पोशाख बदलतो, हिशेब फारसा बदलत नाही. तिथे डीजेला रात्रीचे पैसे मिळतात आणि ते शेवटी बारच्या गल्ल्यातून येतात. क्लब परवान्याची ठोक रक्कम भरतो, पण त्या रात्री कुणाकुणाचे ट्रॅक वाजले याची यादी बहुतेक ठिकाणी कोणी ठेवत नाही. म्हणजे ज्याच्या ट्रॅकवर लोक नाचले, त्याच्यापर्यंत काही पोचेल याची खात्री नाही. स्ट्रीमिंगचं तर विचारू नका. स्पॉटिफायने २०२४पासून नियमच केला की मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला त्यांच्या रॉयल्टीत वाटा नाही. मग ट्रॅक बनवणारा स्वतः डीजे होतो. कित्येकांना व्हायचं नसतं. त्यांना खोलीत बसून आवाज घडवायचे असतात.

आता एका रेकॉर्डकडे येतो. १९८२, मुंबई. चरणजीत सिंग. हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणारे वादक. त्यांनी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियासाठी, म्हणजे आपल्या एचएमव्हीसाठी, एक एलपी केली: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरव, ललत, भूपाळी, तोडी असे दहा राग. खाली रोलँडचं ८०८ हे ताल-यंत्र आणि टीबी-३०३ हे बेस वाजवणारं छोटं यंत्र. रेकॉर्ड चालली नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या फ्यूचर या मंडळींनी त्याच ३०३वर ‘अॅसिड ट्रॅक्स’ केलं, आणि त्यातून अॅसिड हाउस नावाचा प्रकार जगभर पसरला. २०१०मध्ये एका डच संग्राहकाने सिंगांची एलपी पुन्हा काढली आणि बोलबाला झाला की अॅसिड हाउस खरं तर मुंबईत जन्मलं!

मला ही दंतकथा आवडत नाही. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा पुरावा नाही, आणि ती ऐकताना ‘आधी कोण’ हा प्रश्न मध्ये आला की कान बंद होतात. कान उघडे ठेवून ऐका. ३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे. यंत्र बनवणाऱ्यांनी ती बेस गिटारची नक्कल म्हणून ठेवली असेल. सिंगांच्या हातात ती मींडेच्या जवळ जाते. पूर्ण मींड नव्हे, यंत्र श्रुती कुठून आणणार? पण भैरवात कोमल रिषभाकडे तो स्वर सरकतो तेव्हा बोटाला काय हवं होतं ते कळतं. खाली ठोका मात्र हलत नाही. राग फुलत नाही, फिरत राहतो. काही रागांत हे कंटाळवाणं होतं, हेही सांगून टाकतो. प्रत्येक पट्टी साधारण पाच मिनिटांची आहे आणि दहाच्या दहा उत्तम आहेत असं मी म्हणणार नाही.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. ही रेकॉर्ड इतकी बेफिकीर का आहे? तिच्यात कोणाला नाचवायची घाई नाही, नाव घुमवायची नाही. कारण या माणसाचं पोट तिच्यावर नव्हतं. स्टुडिओतली वाजवणी, सिनेमाच्या गाण्यांच्या वाद्यावरच्या रेकॉर्डी, समारंभ, यावर घर चालत होतं. तेव्हाच्या मुंबईत वादकाला शिफ्टचे पैसे मिळत. त्या मजुरीने हा प्रयोग पोसला. आणि गंमत बघा, या एलपीमुळे सिंगांना पुढे काम मिळालं ते सत्तरी ओलांडल्यावर, युरोपात जाऊन प्रत्यक्ष वाजवण्याचं. १९८२चं काम २०१०नंतरच्या सुपारीचं व्हिजिटिंग कार्ड ठरलं. २०१५मध्ये ते गेले.

त्यांना निदान ते तरी मिळालं. १९६९ साली विन्स्टन्स नावाच्या अमेरिकन बँडने ‘आमेन, ब्रदर’ हे वाद्यगीत रेकॉर्ड केलं. त्यात ग्रेगरी कोलमन यांचा ड्रमचा जेमतेम सहा-सात सेकंदांचा तुकडा आहे. जंगल आणि ड्रम अँड बेस हे प्रकार त्या तुकड्याची कापाकापी करून उभे राहिले. हजारो ट्रॅकमध्ये तो आहे. कोलमन २००६मध्ये बेघर अवस्थेत वारले. बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना २०१५मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे चोवीस हजार पौंड दिले. वर्गणी! रॉयल्टी नव्हे.

म्हणून आपल्या रिमिक्सवाल्या पोराबद्दल बोलताना मी दोन्ही बाजू धरतो. त्याला कोणी देत नाही हे खरं, आणि ज्या कोळीगीताच्या किंवा भीमगीताच्या जुन्या रेकॉर्डिंगवर त्याने ठोका चढवला, त्या गायकाला, ढोलकीवाल्याला तोही काही देत नाही. साखळीत प्रत्येकजण वरच्याचं घेतो आणि खालच्याला फुकट देतो. पैसा मात्र खोक्यांपाशी साचतो.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग या मुलांनी करायचं काय?)

एक तर कायदा माहीत करून घ्यायचा. जुन्या गाण्याचं नवं व्हर्जन काढायला २०१२च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं, आणि वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आधी भरावी लागते. घरी बसून काम करणाऱ्याला हे झेपणारं नाही, म्हणून सगळं चोरून चालतं. हा नियम बदलायला हवा असं माझं मत आहे. दुसरं, स्वतःची चाल, स्वतःचा ठोका असेल तर आयपीआरएसचं सभासदत्व घ्या. संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आता कंपनीला लिहून देऊनही जात नाही, तो कायद्याने राखलेला आहे. आणि तिसरं, मालकाबरोबर बसाल तेव्हा सुपारीच्या कागदावर खोक्यांच्या खाली एक ओळ वाढवून घ्या: संगीत, इतके रुपये. पहिल्यांदा मालक हसेल. पुढचा प्रश्न घ्या.